जुन्या अँप्लिफायर-रेडिओची खरखर : काळे पडलेले कॉन्टॅक्ट, पॉट आणि स्विच साफ करण्याची रीत

पराटी (धागाकर्ता)

पोळा झाला की पावसाळाभर समाजभवनात, देवळाच्या खोलीत पडून असलेल्या मशिनी (अँप्लिफायर, मिक्सर) बाहेर निघतात. गणपती, नवरात्र, कार्तिकातला काकडा, आणि पूर्वेकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं. तक्रारी दरवर्षी त्याच : बटण फिरवलं की खरखर, एक बाजू बंद, जॅक हलवल्याशिवाय माइक बोलत नाही. यातल्या बऱ्याच मशिनींच्या ट्रान्झिस्टरला, ट्रान्सफॉर्मरला काही झालेलं नसतं. दोन धातू जिथे टेकतात तिथे थर चढलेला असतो. मग घाईत मिळेल तो फवारा आत मारला जातो. तीन दिवस बरं चालतं, नंतर आधीपेक्षा वाईट. थर कशाचा आहे हे पाहिलं तर हे टळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

चांदी : जुन्या रोटरी आणि स्लाइड स्विचच्या पात्यांवर चांदीचा मुलामा असतो. साध्या हवेत चांदी काळी पडत नाही, गंधकाने पडते. काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. आपल्याकडे गंधक सगळीकडे आहे. गोबरगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, शेणखताच्या खड्ड्यातूनही तो निघतो. संत्र्यावर मारायच्या गंधकाच्या पिशव्या ज्या खोलीत, त्याच खोलीत मशीन ठेवली तर एका पावसाळ्यात पाती काळी होतात. वायरींच्या गुंडाळीला लावलेल्या रबर बँडमध्येही गंधक असतं. रबर टेकलेल्या जागी डाग पडतो.

तांबं-पितळ : तपकिरी ऑक्साइड, ओल लागली की हिरवट खार. गोठ्याजवळच्या खोलीत अमोनियाही असतो. ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. जॅकची पाती आपोआप मोडलेली दिसते ती कधी कधी यामुळेही. ती साफ करून उपयोग नाही, जॅक बदला.

कथील : स्वस्त जॅक आणि कनेक्टरवर. भोंग्याच्या थरथरीने टोकं सतत सूक्ष्म घासतात, प्रत्येक घासणीत नवा ऑक्साइड तयार होतो. दिसायला चकचकीत, पण संपर्क तुटक.

सोनं : काही होत नाही. त्यावर फक्त मळ असतो, तो अल्कोहोलने जातो.

साहित्य फार नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए), ऑक्साइड काढून वर तेलाचा पातळ थर ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर, २ मिलीची सिरिंज आणि बोथट सुई, बाँड पेपरच्या ५ मिमी रुंद पट्ट्या, मऊ ब्रश, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयपीए नको. त्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं, ते तपकिरी फिनॉलिक पट्टीत मुरतं. कापूसही नको, तंतू पात्यात अडकून राहतो.

---

वैनगंगा

उघडण्याआधीचं लिहितो, कारण यात जीव जातो.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या काही व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) रेडिओंमध्ये लाइनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, चॅसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) थेट लाइनला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चॅसिसवर २३० व्होल्ट.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर भरलेले असतात. व्हॉल्व्ह सेटमध्ये २५० ते ३५० व्होल्ट सहज असतात. १० किलोओहम ५ वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरच्या दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर लावून घ्या आणि कपॅसिटरवर १० सेकंद धरा. ट्रान्झिस्टर मशिनीतल्या १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टच्या कपॅसिटरला १०० ओहम ५ वॅट चालतो. तिथे हिशेब सोपा : १०० ओहम गुणिले १०,००० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंद, पाच पट वेळ धरला की कपॅसिटर जवळजवळ रिकामा. नंतर मीटरने पाहा, ५ व्होल्टच्या खाली आलं पाहिजे. पेचकसने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय सोडा. कपॅसिटरही जातो, कधी कधी डोळाही.

आणखी एक. बऱ्याच फवाऱ्यांत ढकलणारा वायू पेट घेणारा असतो. चालू मशिनीत मारू नका. मारल्यावर झाकण उघडं ठेवून किमान एक तास थांबा, श्रावणातल्या दमट हवेत तीन तास. डब्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत डबा त्याच्याही वर तापू शकतो.

---

वऱ्हाडी_मीटर

पराटीभाऊंनी चांगलं लिहिलं. एक पायरी मध्ये घालतो : साफ करण्याआधी दोष कुठे आहे ते नक्की करा. मशीन चालू, आवाज कमी ठेवा, आणि एकेक बटण, स्विच, जॅक हलवा.

बटण फिरवतानाच खरखर, थांबलं की शांत : पॉट (बटणामागचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर, त्यात कार्बनच्या ट्रॅकवर वायपर नावाची पाती सरकते).

बटणाला हात न लावता आवाज जातो-येतो : जॅक, स्विच किंवा सुटलेलं सोल्डर.

एक बाजू बंद, आणि आवाज क्षणभर मोठा केला की ती उघडते, लहान केला की काही वेळाने पुन्हा जाते : स्पीकर रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) किंवा सिग्नलच्या मार्गातला एखादा स्विच. टोकांवरचा थर फार पातळ असतो. मोठ्या सिग्नलच्या व्होल्टेजने तो फुटतो, लहान सिग्नलने फुटत नाही. म्हणूनच माइकचा आणि टेपच्या हेडचा सिग्नल, जो मिलिव्होल्टमध्ये असतो, तो सगळ्यात आधी अडतो आणि दिव्याचं बटण मात्र वर्षानुवर्षं चालतं.

सगळं कोरडं असतानाही सतत 'सस्स' किंवा फुटाणे फुटल्यासारखा आवाज : कॉन्टॅक्टचा दोष असण्याची शक्यता कमी. ट्रान्झिस्टर किंवा रेझिस्टर बघा.

---

खंजेरी

राजेहो, एक विचारतो. आमच्या भजनी मंडळाच्या मशिनीचा मास्टर व्हॉल्यूम दोनदा साफ केला. सिरिंजनं आयपीए सोडलं, तीस वेळा फिरवला. तरी फिरवताना 'खर्रर्र' येतेच. माइकचे बाकी दोन पॉट मात्र मस्त झाले. काहून होत असन?

---

वऱ्हाडी_मीटर

@खंजेरी, दोन पॉट सुधारले म्हणजे रीत बरोबर आहे. तिसऱ्यात मळ नसावा, डीसी (एकदिश व्होल्टेज) येत असावा.

मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा. मशीन चालू, माइक काढलेला, काळी वायर चॅसिसला. ट्रान्सफॉर्मरवाली मशीन आहे म्हणून हे चालतं, लाइनला जोडलेल्या चॅसिसवर असं करू नका. लाल टोक मास्टर पॉटच्या तिन्ही पायांना एकेक करून लावा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. ०.२ व्होल्ट, अर्धा व्होल्ट असं दिसलं तर पॉटच्या आधीचा किंवा नंतरचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतो आहे. डीसी असलेल्या कार्बनवरून वायपर सरकला की अगदी नवीन पॉटही खरखरतो. कितीही धुवा, जाणार नाही. ट्रान्झिस्टर मशिनीत तो बहुधा १ ते १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक असतो, व्हॉल्व्ह रेडिओत ०.०१ ते ०.०४७ मायक्रोफॅरडचा कागदी. कागदी असेल तर मोजत बसू नका, तितक्याच मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा पॉलिस्टर लावा.

डीसी नसेल तर ट्रॅक झिजला आहे. मशीन बंद करून मधल्या पायाची वायर सोडवा, काट्याचा मीटर मधला पाय आणि एका कडेमध्ये लावा आणि पॉट हळू फिरवा. काटा सलग सरकला तर ट्रॅक ठीक. एखाद्या जागी उसळी मारून अनंताकडे गेला तर तिथला कार्बन संपला. पेन्सिल घासून कार्बन भरायचा उपाय सांगणारे भेटतात. ग्रॅफाइट तिथे टिकत नाही, आणि त्याची पूड पसरून पॉटचे ओहम बदलतात. पॉट बदला.

बदलताना लॉग (सुरुवातीला हळू, पुढे भराभर वाढणारा) की लिनियर (सगळीकडे सारखा वाढणारा) ते पाहा. जुना सोडवलेला पॉट बरोबर मधोमध ठेवून मोजा : एकूण ओहमच्या साधारण निम्मे आले तर लिनियर, एका बाजूने साधारण १० ते १५ टक्के आले तर लॉग. व्हॉल्यूमला लॉगच हवा. लिनियर लावला तर सगळा आवाज पहिल्या पाव फेरीतच येतो आणि बोटाला नेम राहत नाही.

---

पराटी

पॉटची रीत पूर्ण लिहून ठेवतो, सगळी चूक प्रमाणात होते.

पाय जिथून बाहेर येतात तिथे बारीक फट असते. पॉट असा तिरपा करा की ती फट आधी वर राहील. सिरिंजने ०.२ मिली आयपीए आत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० वेळा फिरवा. आता फट खाली करा, करडं-काळं पाणी निघेल, ते कागदावर टिपा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच, बहुधा दोन-तीन वेळा. ब्लोअर मारा, तासभर सुकू द्या. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब, तेही सिरिंजने, आणि १० फेऱ्या. स्टिरिओ पॉटला एकामागे एक दोन कप्पे असतात, मागचा विसरू नका.

दांड्याच्या बाजूने द्रव सोडू नका. तिथे बटणाला जडपणा देणारं ग्रीस असतं. ते विरघळून ट्रॅकवर येतं आणि कार्बनवर चिकट लेप बसतो. शिवाय बटण ढिलं पडतं. गेलंच तर दांड्याला टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन ग्रीस, ट्रॅकला बिलकूल नाही.

मिक्सरच्या फेडरचं (सरळ रेषेत सरकणाऱ्या पॉटचं) प्रकरण नाजूक आहे. त्यात फवाऱ्याची गरजच नसते, बहुतेक वेळा धूळ, गुलाल आणि उदबत्तीची राख असते. आधी ब्लोअर, मग आयपीए, शेवटी फेडरसाठीचं खास वंगण. साधा तेलकट क्लीनर फेडरमध्ये राहिला तर पुढच्या गणपतीत त्याच तेलाला गुलाल धरतो.

---

कोराडी_रोड

डब्ल्यूडी-४० बद्दल काय मत आहे? गावात तोच मिळतो.

---

वैनगंगा

निळ्या-पिवळ्या डब्यातला नेहमीचा, तो गंजलेल्या नट-बोल्टसाठी, ओल काढण्यासाठी. मागे तेलकट थर ठेवतो, त्यात धूळ बसते. पॉट आणि सिग्नलच्या स्विचमध्ये नको. त्याच नावाचा वेगळा कॉन्टॅक्ट क्लीनर येतो, तो पटकन उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही. धुण्यासाठी चांगला, पण त्यानंतर वंगण वेगळं द्यावं लागतं. डब्यावरचं पूर्ण नाव वाचून घ्या.

रॉकेलचंही तसंच, वर तेलकटपणा राहतो. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांनी डायलची काच (ती बहुधा ॲक्रिलिक असते), पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर आणि बटणं विरघळतात किंवा तडकतात. बत्तीच्या स्पिरिटमध्ये रंग आणि इतर मिसळ असते. लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर : पितळ क्षणात चकाकतं खरं, पण आम्ल पात्याच्या बुडाशी राहतं आणि महिन्याभरात हिरवं फुटतं.

---

जुनी_फीत

टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) आणि कॅसेट डेकवाल्यांसाठी. बऱ्याच टेप रेकॉर्डरांचा दोष एकाच भागात सापडतो : रेकॉर्ड-प्लेचा लांब स्लाइड स्विच. बोर्डावर ४ ते ८ सेंटिमीटर लांब, दोन ओळीत पाय. तो मळला की एक बाजू दबते, शिट्टी वाजते, कधी वाजवताना मागे रेकॉर्डिंगच्या ऑसिलेटरची किरकिर येते. लोक हेड बदलतात, हेड चांगलं असतं.

प्लग आणि सेल काढा. स्विचच्या दोन्ही टोकांना सरकणारी दांडी जिथून बाहेर येते तिथली फट शोधा, आणि नळी लावून अर्धा सेकंद फवारा, दोन्हीकडून. आता रेकॉर्डचं बटण ३० वेळा दाबा-सोडा. कॅसेट नसताना ते दाबलं जात नाही, कारण कॅसेटच्या मागच्या कडेची खाच तपासणारी एक छोटी कडी आडवी येते. बोटाने ती कडी आत दाबून धरा. जोर लावून बटण दाबलं तर प्लास्टिकची कडी मोडते आणि तो भाग मिळत नाही.

फवारा बेल्टवर किंवा पिंच रोलरवर उडाला तर लगेच आयपीएच्या कापडाने पुसा. तेल लागलेला बेल्ट घसरतो आणि गाणं डुलायला लागतं.

हेडफोनच्या जॅकमध्येही हाच रोग. प्लग नसताना स्पीकरला जोडणारी एक पाती आत असते, ती काळी पडली की स्पीकर मुका होतो आणि हेडफोन व्यवस्थित वाजतो. प्लगला क्लीनरचा एक थेंब लावून २० वेळा आत-बाहेर करून पाहा. न जमल्यास झाकण उघडून त्या पातीखाली ओली कागदी पट्टी ओढा. काही अँप्लिफायरच्या मागे प्री-आउट आणि मेन-इन (आतल्या पहिल्या भागाचं आउटपुट आणि पॉवर भागाचं इनपुट) जोडणारी पत्र्याची यू आकाराची कडी असते, तीही काढून पुसायची. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर आधी ती बघा.

---

खंजेरी

मीटरनं पाह्यलं. मास्टरच्या वरच्या पायावर ०.४ व्होल्ट. ४.७ मायक्रोफॅरडचा होता, बदलला, खरखर गेली. आता दुसरं. घरी एक जुना व्हॉल्व्ह रेडिओ आहे. मध्यम लहरीवर नागपूर धरते, पण स्टेशन बदलताना कडकड, आन बँडचं बटण हलवावं लागते.

---

पराटी

@खंजेरी, दोन वेगळे दोष आहेत.

बँड स्विच वेफरचा असणार, तपकिरी चकतीवर चांदीची बोटं. ती चकती फिनॉलिक कागदाची. फवारा मारला तर द्रव आत मुरतो, आणि व्हॉल्व्ह सेटच्या २००-२५० व्होल्टला ओल्या चकतीतून गळती सुरू होते. ठिणगी पडून जळकी रेघ उमटली की ती कायमची वाट होते. म्हणून तिथे थेंबच, तोही सुईच्या टोकाने, प्रत्येक बोट जिथे चकतीला टेकतं तिथे. २५-३० वेळा फिरवा, जादा द्रव कागदाने टिपा, रात्रभर उघडं ठेवा. काळी चांदी पूर्ण पांढरी करायचा हट्ट नको. संपर्काच्या रेघेवरचा थर निघाला की काम झालं. सगळा मुलामा खरवडला तर खाली पितळ उघडं पडतं, आणि ते चांदीपेक्षा लवकर खराब होतं. बोटं वाकवू नका, पॉलिश पेपर तर लांबच. बाजूच्या आयएफच्या डब्यांत (ट्यूनिंगच्या कॉइल) आणि ट्रिमरमध्ये (जुळवणीचे छोटे कपॅसिटर) काही जाऊ देऊ नका, रेडिओ ट्यूनमधून सरकतो.

स्टेशन बदलतानाची कडकड गँगमधली (स्टेशन लावणारा पाकळ्यांचा फिरता कपॅसिटर). फिरणाऱ्या पाकळ्यांना चॅसिसशी जोडणारी एक स्प्रिंगची पाती दांड्यावर टेकलेली असते. तिथे एक थेंब, दहा-पंधरा फेऱ्या. पाकळ्यांमध्ये फक्त ब्लोअर. कापसाच्या दिवसांत उडणारी रुई त्या फटीत बसते, कोरडी असेपर्यंत गप्प असते, ओल धरली की कडकडते. पाकळी वाकली तर डायलवरची जागा बदलते, म्हणून ब्रशही हलका.

व्हॉल्व्ह काढताना सरळ वर. डुलवून काढला तर पिनांजवळची काच तडकते. थंड सॉकेटमध्ये थेंब टाकून तीनदा आत-बाहेर केलं की पिना साफ.

---

झाडीचा_सूर

स्पीकर रिलेबद्दल कोणी लिहिलं नाही. पारदर्शक टोपी निघत असेल तर बाँड पेपरची पट्टी आयपीएत ओली करा, टोकांमध्ये घाला, बोटाने आर्मेचर (रिलेतली हलणारी लोखंडी पट्टी) हलकं दाबा आणि पट्टी ओढा. पट्टीवर काळी रेघ येते. येणं थांबेपर्यंत, पाच-सहा पट्ट्या. मग एक कोरडी. टोकावर खड्डा किंवा शेंगदाण्यासारखा उंचवटा दिसला तर रिले बदला. कॉइल बहुधा २४ व्होल्टची असते, पण व्होल्टसोबत कॉइलचा ओहमही जवळपास तोच हवा. अनेक मशिनींत कॉइलच्या आधी एक रेझिस्टर असतो, ओहम बदलला की कॉइलला मिळणारं व्होल्टेज बदलतं आणि रिले अर्धवट चिकटतो.

भोंग्याच्या वायरी : स्क्रूखालची तांब्याची तार हिरवी-काळी झाली असेल तर साफ करू नका, दोन सेंटिमीटर कापून नवी सोला, चकचकीत तांबं लागेपर्यंत. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं, महिन्याभरात स्क्रू ढिला. लग (तारेच्या टोकाचा धातूचा डोळा) दाबून लावा. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीनचा हात, आधी नाही.

---

कोराडी_रोड

बॅटरीवरच्या मशिनीचं काय? पूर्ण आवाजात वाजवली की दिवा मंद होतो, आवाज फाटतो. बॅटरी नवी आहे.

---

वऱ्हाडी_मीटर

टर्मिनल, फ्यूज होल्डर आणि मशिनीचं बटण, या तिघांत आहे. १० अँपिअर ओढणाऱ्या १२ व्होल्टच्या मशिनीला वाटेत फक्त ०.१ ओहम अडथळा आला तर १ व्होल्ट तिथेच जातो आणि १० वॅट उष्णता तयार होते. साधा मीटर ०.१ ओहम नीट मोजत नाही, त्याच्या वायरीच ०.२-०.३ दाखवतात. म्हणून ओहम मोजूच नका. मशीन वाजत असताना मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरं त्यावरच्या क्लॅम्पवर. मग फ्यूजच्या दोन बाजूंना, मग बटणाच्या दोन पायांना. जिथे ०.२ व्होल्टच्या वर दिसेल ती जागा धरा.

बॅटरीच्या खांबावरचा पांढरा खार : ग्लासभर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा, ओता, बुडबुडे थांबले की साध्या पाण्याने धुवा. द्रावण बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प काढताना आधी ऋण, लावताना ऋण शेवटी.

रेडिओत गळलेल्या सेलला मात्र सेल बघून औषध. साधा झिंक-कार्बन सेल आम्लधर्मी गळतो, तिथे सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेल अल्कधर्मी गळतो, तिथे पाणी घातलेल्या व्हिनेगरचे थेंब. दोन्ही वेळा ब्रशने लावा, मग ओल्या कापडाने पुसा, शेवटी आयपीए. स्प्रिंगचा मुलामा गेला असेल तर स्प्रिंग बदला.

---

खंजेरी

रेडिओ बोलला. बँडचं बटण आता एका टिचकीत बसते. मंडळाची मशीन दिवाळीनंतर पुन्हा खोलीत जाईन, तिथं डांबराच्या गोळ्या ठेवतात झुरळांसाठी. चालते ना?

---

पराटी

नको. डांबर गोळीच्या वाफेने पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक मऊ पडतं, त्यात बटणं आणि कपॅसिटर दोन्ही आले. कडुनिंबाचा पाला खोलीत ठेवा, मशिनीत नाही. मशीन जमिनीपासून फूटभर वर, पाठ भिंतीपासून चार बोटं दूर, सुती कापडात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली तर आतली ओल आतच राहते. सिलिका जेल ठेवत असाल तर रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून घ्या. युरिया, गंधक, मोरचूद त्या खोलीत नको.

आणि जुलै ते सप्टेंबर, पंधरा दिवसांतून एकदा तासभर चालू करा. आतली ऊब ओल काढते. बंद केल्यावर प्रत्येक पॉट, प्रत्येक स्विच वीस वेळा फिरवा, प्रत्येक जॅकमध्ये प्लग पाच वेळा आत-बाहेर. नवा थर कोवळा असतो, घासणीनेच निघतो. समाजभवनाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यालाच हे सांगून ठेवा.